'व्यक्त करणे' आणि त्याची इंग्रजी भावंडे
(माजलगाव येथील प्राथमिक शिक्षकांपुढील भाषणाचा मजकूर)



इंग्रजीच्या तासाला प्राथमिक शिक्षकाची वाट जो प्रश्न वारंवार अडवितो, तो पुष्कळदा व्याकरणाचा नसून निवडीचा असतो. मनातले बोलून दाखविणे या एकाच गोष्टीसाठी त्या भाषेत शब्दांची लांब रांग उभी आहे. 'से', 'टेल', 'स्पीक', 'टॉक' हे पुढे उभे असलेले रोजच्या वापरातले शब्द. 'एक्स्प्रेस', 'अटर', 'व्हॉइस', 'व्हेंट' हे त्यांच्या मागचे. खिशातला लहान कोश उघडावा, तर या मागच्यांपैकी बहुतेकांपुढे 'व्यक्त करणे' हाच एक अर्थ आढळतो. मग जो शब्द प्रथम आठवेल तो फळ्यावर जातो, मुले तो वहीत उतरवून घेतात आणि पाठ पुढे सरकतो. वाक्य व्याकरणशुद्ध असते, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही की मुलाला जे म्हणावयाचे होते ते वाटेतच सांडले आहे.

माजलगाव तालुक्यातील एका वर्गातला प्रसंग या बाबतीत बोलका आहे. पाठाचा विषय 'माझी आई' हा होता. मुलांनी आधी मराठीत एकेक वाक्य बोलावे आणि शिक्षकाने त्याचे इंग्रजी फळ्यावर लिहावे, अशी योजना होती. वर्गात एक मुलगी अशी होती की जिचे आईवडील हंगामात ऊसतोडीला जातात. त्या वर्षी तीही त्यांच्याबरोबर गेली होती आणि पाडव्यानंतर गावी परतली होती. ती उभी राहून म्हणाली, "आईच्या हाताला कोयता लागला. फडात ती कायबी बोलली न्हाई. घरी आल्यावर आज्जीपशी समदं बोलली."

शिक्षकाने फळ्यावर लिहिले, 'माय मदर डिड नॉट एक्स्प्रेस हर पेन. अ‍ॅट होम शी एक्स्प्रेस्ड इट टू माय ग्रँडमदर.' त्या वाक्यांचा अर्थ त्याने मराठीत समजावून सांगितला, "आईने वेदना व्यक्त केली नाही." मुलगी बसली नाही. ती म्हणाली, "गुरुजी, तोंडावर तर दिसत व्हतं की. नुसतं बोलली न्हवती." आणि थोडे थांबून तिने विचारले, "फडात आन् घरी, दोन्हीकडं एकच शब्द कसा?"

शिक्षक प्रामाणिक होता. त्याने उत्तर बनवून सांगितले नाही. "उद्या सांगतो," एवढेच तो म्हणाला. त्या मुलीला इंग्रजी येत नव्हते, तरी तिने जी चूक दाखविली ती भाषेच्या मुळाशी जाणारी होती. आईची वेदना चेहऱ्यावर व्यक्त झालीच होती. बाहेर पडला नव्हता तो शब्द. अर्थात फळ्यावरचे पहिले वाक्य नुसते ढिले नव्हते, ते खोटे होते.

ही चूक कशी घडते, हे पाहिले पाहिजे. दोष कोशाचा म्हणावा, तर मराठीला मिळालेले कोश हलके नव्हेत. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि त्याची दुसरी आवृत्ती १८५७ साली प्रसिद्ध झाली. मोल्सवर्थ यांनी आरंभलेला आणि थॉमस कँडी यांनी पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालचा. मोठ्या कोशात शब्दाच्या अर्थाचे पदर उलगडून दाखविलेले असतात. परंतु मोठ्या कोशाचा संक्षेप होतो, संक्षेपाचा खिशातला कोश होतो आणि त्यावरून परीक्षेची मार्गदर्शिका तयार होते. या उतरंडीत प्रत्येक पायरीवर एकेक अर्थ गळतो आणि अखेरीस 'व्यक्त करणे' तेवढे हाती उरते.

दुसरा मोह समानार्थी शब्दांच्या यादीचा. पीटर मार्क रॉजे या इंग्रज वैद्याने १८५२ साली लंडनमध्ये 'थिसॉरस' नावाचा कोश प्रसिद्ध केला. त्यात शब्द वर्णक्रमाने न लावता अर्थाच्या कुळांप्रमाणे लावलेले होते. ही कल्पना भारतीयांना अपरिचित नाही. संस्कृतातील अमरकोशही विषयवार वर्गांत रचलेला आहे. परंतु एका कुळातली माणसे सारख्या आडनावाची असली तरी सारख्या स्वभावाची नसतात. यादीतला कोणताही शब्द उचलावा आणि कोठेही बसवावा, असा त्या रचनेचा अर्थ नव्हे. शब्द ज्याला आधीच ठाऊक आहे, त्याला नेमका शब्द आठवून देणे हे अशा यादीचे काम. ज्याला तो ठाऊकच नाही, त्याला ती चकविते.

मग शिक्षकाने आधार कोणाचा घ्यावा? या प्रश्नाचे उत्तर बाहेर शोधावयास नको. ज्या छटा इंग्रजीने वेगवेगळ्या क्रियापदांत ठेवल्या आहेत, त्यांतल्या बहुतेक मराठीने वाक्प्रचारांत ठेवल्या आहेत आणि ते वाक्प्रचार माजलगावच्या बाजारात, शेताच्या बांधावर आणि मुलांच्या घरात रोज वापरले जातात. कोशातील प्रतिशब्दापाशी न थांबता मराठी वाक्प्रचारापर्यंत गेले, की इंग्रजी शब्द आपोआप वेगळे होऊ लागतात.

'अटर' हा शब्द पाहा. त्याचे नाते 'बाहेर' या अर्थाच्या इंग्रजी 'आउट' शब्दाशी आहे. तोंडातून ध्वनी किंवा शब्द बाहेर पडणे, एवढेच त्यात येते. तो ध्वनी अर्थपूर्ण असलाच पाहिजे असे नाही. किंकाळी, उसासा, एखादे अक्षर, सर्व काही 'अटर' करता येते. म्हणून त्याचा खरा मराठी जोडीदार नकारात सापडतो: 'चकार शब्द काढला नाही', 'तोंडातून ब्र काढला नाही'. इंग्रजीतही हा शब्द नकारात वारंवार भेटतो: 'शी डिड नॉट अटर अ वर्ड.'

'एक्स्प्रेस' याचे मूळ लॅटिन भाषेत असून त्याचा मूळ अर्थ दाबून बाहेर काढणे असा आहे. उसाच्या मुलखात हा अर्थ समजाविण्यास वेळ लागू नये: कांडे चरकात जाते आणि आतला रस बाहेर येतो. आत आहे ते बाहेर दिसू लागते, मग ते शब्दांनी असो, चेहऱ्याने असो, चित्राने असो की ओव्यांनी. मराठी 'व्यक्त' हा शब्द संस्कृतातून आलेला आहे आणि त्याचा अर्थ उघड, स्पष्ट झालेला असा आहे. 'अव्यक्त' त्याच्या उलट. दोन्ही भाषांत या शब्दाला जिभेची सक्ती नाही, हे ध्यानात ठेवावे. त्या मुलीने नेमके हेच बोट ठेवले होते. आणखी एक गोष्ट: 'एक्स्प्रेस' या शब्दामागून विचार, भावना, मत, आभार, खेद अशी नामे येतात. 'त्याने सांगितले की' या जागी तो शब्द घालू नये. तेथे 'से' किंवा 'टेल' हेच योग्य.

'व्हॉइस' हा शब्द ज्या लॅटिन शब्दापासून आला, तो आणि संस्कृतातील 'वाच्' ही एकाच प्राचीन मूळ शब्दाची लेकरे आहेत. गंमत अशी की मराठी वाक्प्रचारानेही तीच 'वाचा' घेतली आहे: 'अन्यायाला वाचा फोडणे'. जे अनेकांच्या मनात आहे पण कोणी उघड म्हणत नाही, ते एकाने चारचौघांत म्हणणे, हा 'व्हॉइस'चा नेमका उपयोग. ग्रामसभेत एखादी बाई उठून पाण्याची अडचण मांडते, तेव्हा ती 'व्हॉइस' करते. तहान लागली म्हणून मूल आईजवळ पाणी मागते, तेव्हा तो शब्द शोभणार नाही.

'व्हेंट' याचे नाते वाऱ्याशी आणि वाऱ्याला जाण्यासाठी ठेवलेल्या वाटेशी आहे. 'भावनांना वाट करून देणे' हा मराठी वाक्प्रचार त्याच्या अगदी जवळचा. सिंदफणेवरील माजलगावच्या धरणात पाण्याची आवक वाढली की दारे उचलावी लागतात, हे येथील प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. आत दाब साचला आहे आणि तो बाहेर गेला नाही तर अपाय होईल, ही कल्पना 'व्हेंट' या शब्दात आहे. म्हणून हा शब्द प्रायः राग, संताप, वैताग यांच्याबरोबर येतो. 'ही व्हेंटेड हिज अँगर ऑन हिज ब्रदर' म्हणजे त्याने भावावर राग काढला. वाढदिवसाचा आनंद कोणी 'व्हेंट' करीत नाही.

ही झाली मागची रांग. पुढची रांग सोपी दिसते; पण मुलांच्या वह्यांत लाल शाई तेथेच अधिक सांडते. 'से' म्हणजे म्हणणे. त्यात लक्ष शब्दांवर असते. 'टेल' म्हणजे सांगणे. त्यात ऐकणारा असावा लागतो. 'स्पीक' म्हणजे बोलणे, भाषा बोलणे, सभेत बोलणे. 'टॉक' म्हणजे बोलत बसणे. त्यात दोन्ही बाजूंनी बोलणे चालते. मुले 'ही सेड मी' असे लिहितात, त्याचे कारण निष्काळजीपणा नव्हे. मराठीत 'तो मला म्हणाला' आणि 'त्याने मला सांगितले' या दोन्ही वाक्यांत 'मला' सारखेच येते. इंग्रजीत मात्र 'ही टोल्ड मी' चालते आणि 'से'ला मध्ये 'टू' लागतो: 'ही सेड टू मी'. चूक कोठून आली हे सांगितले म्हणजे मूल ती सोडते. नुसती खोडली तर ती पुन्हा उगवते.

याच्या उलट, एके ठिकाणी मराठीचा एकच शब्द इंग्रजीत अनेक वाटांनी जातो. तो शब्द 'वाटणे'. 'मला वाटते, उद्या पाऊस येईल' येथे तो विचार आहे, म्हणून 'थिंक'. 'मला बरे वाटत नाही' येथे ती शरीराची जाणीव आहे, म्हणून 'फील'. 'मला घरी जावेसे वाटते' येथे ती इच्छा आहे, म्हणून 'फील लाइक'. 'ती दमलेली वाटते' येथे ते दिसणे आहे, म्हणून 'सीम' किंवा 'लुक'. 'मला भीती वाटते' येथे तर इंग्रजीत भीती वाटतच नाही. माणूस स्वतःच भ्यालेला असतो: 'आय ॲम अफ्रेड'. मराठीत भावना माणसाकडे चालत येते. राग येतो, रडू येते, आठवण येते, आणि माणूस 'मला' म्हणून त्यांचा स्वीकार करतो. इंग्रजी वाक्यात बहुधा माणूसच कर्ता होऊन पुढे उभा राहतो. हा भेद नियम म्हणून पाठ करण्यापेक्षा आठदहा वाक्ये शेजारी शेजारी लिहून मुलांनाच हेरू द्यावा.

निवडीचा आणखी एक निकष आहे, तो शब्दाच्या पोशाखाचा. 'से', 'टेल', 'स्पीक' हे इंग्रजीचे जुने घरगुती शब्द. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यानंतर दरबारात आणि न्यायालयात फ्रेंच भाषा आली आणि विद्वानांची लॅटिन होतीच. 'डिक्लेअर', 'अनाउन्स', 'कन्फेस', 'स्टेट' अशा शब्दांना त्यामुळे आजही कचेरीचा वास येतो. मराठवाड्यातील शिक्षकाला हे समजणे अवघड नाही. दख्खनमधील अनेक शतकांच्या राजवटींतून जाहीर, कबूल, तक्रार, जबानी हे फारसी-अरबी शब्द मराठीत रुळले. हा जिल्हा १९४८ सालापर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तेथील १९१८ सालच्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यमही उर्दू होते. म्हणून 'सांगितले', 'कबूल केले', 'जबानी दिली' यांतला फरक येथील शेतकऱ्यालाही कानाने कळतो. 'दमलो' हे कबूल करणे म्हणजे 'ॲडमिट'. गुन्ह्याची कबुली देणे म्हणजे 'कन्फेस'. निकाल जाहीर करणे म्हणजे 'डिक्लेअर' किंवा 'अनाउन्स'. घरातले वाक्य कचेरीच्या शब्दांनी सजवू नये आणि अर्जात घरगुती सलगी करू नये, हा नियम दोन्ही भाषांत सारखाच आहे.

हे सर्व वर्गात कसे न्यावे? महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकविण्यास आरंभ झाला; म्हणून कोणत्या वयाला काय द्यावे, याचा विवेक प्रथम हवा. पहिली ते चौथीच्या मुलांना 'से', 'टेल', 'स्पीक', 'टॉक' हे चार शब्द स्वच्छ आले तरी पुष्कळ झाले. पाचवीपासून 'एक्स्प्रेस' यावा. 'अटर', 'व्हॉइस', 'व्हेंट' हे मुलाच्या वाक्याला गरज भासेल तेव्हाच द्यावे. यादी करून देऊ नयेत. शिक्षकाला मात्र ते सर्व ठाऊक असावेत, कारण कोणते वाक्य कोणत्या दिवशी वर्गात उभे राहील याचा नेम नसतो.

शब्द निवडताना शिक्षकाने तीन प्रश्न विचारण्याची सवय लावावी. पहिला प्रश्न, बाहेर काय पडले: ध्वनी, शब्द, विचार की भावना? दुसरा, ते कोणापुढे: एकट्याने, एका माणसापाशी की चारचौघांत? तिसरा, ते कसे: सहज, प्रयत्नाने की दाब असह्य झाल्यामुळे? हे तीन प्रश्न मराठीतूनच विचारावेत आणि उत्तरेही मुलांच्या बोलीतच येऊ द्यावीत. उत्तर मिळाले की त्याला शोभणारा मराठी वाक्प्रचार फळ्यावर लिहावा आणि त्याच्यापुढे इंग्रजी शब्द ठेवावा. शेवटी तो शब्द काढून दुसरा घालून पाहावा आणि अर्थ कोठे सरकतो हे मुलांना विचारावे. एका तासाला दोन शब्द पुरेत.

यात बोलीला शुद्ध करण्याची घाई करू नये. 'समदं बोलली' हे प्रमाण मराठीत 'सर्व सांगितले' होईल, हे मुलाला योग्य वेळी सांगावयाचे आहेच. परंतु 'आज्जीपशी' या शब्दात जवळ बसणे, विश्वास आणि आडोसा हे सर्व आले आहे. तो शब्द आधीच खोडला, तर इंग्रजी शब्द निवडण्याचा आधारच नाहीसा होतो. ज्याचे मराठी ऐकून घेतले गेले नाही, त्याचे इंग्रजी नेमके होणार नाही.

त्या वर्गातील शिक्षकाने दुसऱ्या दिवशी हेच तीन प्रश्न विचारले. फडात काय बाहेर पडले? मुले म्हणाली, काहीच नाही, नुसते तोंड दिसत होते. घरी कोणापुढे? आजीपाशी. कसे? मुलीने सांगितले, "आधी रडली, मग समदं सांगितलं." फळ्यावर मराठीत 'चकार शब्द काढला नाही' आणि 'मन मोकळे केले' असे लिहिले गेले. त्यांच्यापुढे इंग्रजी वाक्ये आली: 'हर फेस एक्स्प्रेस्ड हर पेन, बट शी डिड नॉट अटर अ वर्ड. अ‍ॅट होम शी क्राइड अँड टोल्ड ग्रँडमदर एव्हरीथिंग.' आदल्या दिवशीचा 'एक्स्प्रेस' वाया गेला नव्हता. त्याला त्याची जागा मिळाली होती. मुलीने तिन्ही शब्द बोटाने मोजले आणि मग ती वाक्ये वहीत उतरवून घेतली.

माजलगाव आणि शेजारच्या तालुक्यांतून दर हंगामात अनेक कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. काही मुले मागे वसतिगृहात किंवा नातलगांकडे राहतात, काही कोप्यांवर जातात आणि परत येतात तेव्हा पाठ्यपुस्तकाची पाने पुष्कळ पुढे गेलेली असतात. अशा मुलाजवळ सांगण्यासारखे फार असते आणि शब्द थोडे असतात. त्याच्या सर्व बोलण्यावर 'एक्स्प्रेस' हा एकच शिक्का मारला, तर त्याची आई, त्याचा बाप आणि ग्रामसभेत बोलणारी ती बाई एकसारखी होऊन जातात. त्यांपैकी कोण गप्प राहिले, कोणी वाचा फोडली आणि कोणी मन मोकळे केले, हे वाचणाऱ्याला कधीच कळणार नाही. ते कळावे, एवढ्यासाठी तरी शब्द निवडून वापरावयाचा असतो.

म्हणून उद्याच्या तासाला फळ्यावर 'व्यक्त करणे' लिहिण्यापूर्वी क्षणभर थांबावे आणि मुलालाच विचारावे: "कोणाला बोलली? कशी बोलली?" इंग्रजी शब्दाचा पत्ता बहुधा त्याच्याच उत्तरात मिळेल.